सात वाजताची हजेरी

मी पोटासाठी बोलतो. सांगलीत माझं साउंड सिस्टिमचं दुकान आहे. लग्न, बारसं, शाळेचं गॅदरिंग, निवृत्तीचा सत्कार, जिथं म्हणाल तिथं मी स्पीकर लावतो, आणि स्पीकर लावला की माइकही मीच धरतो. नवऱ्या मुलाच्या मामाला स्टेजवर बोलावताना मी असा काही आवाज लावतो की खुद्द मामाला वाटावं, आपण आयुष्यात काहीतरी मोठं केलेलं दिसतंय. एकदा कुंडलला ऐन स्वागत समारंभात वीज गेली आणि जनरेटर रुसला, तेव्हा मी नुसत्या घशावर सगळं वऱ्हाड खुर्च्यांवर धरून ठेवलं होतं. एकही पाहुणा जेवणाच्या रांगेकडे पळाला नाही. माझ्या धंद्यात याला पराक्रम म्हणतात.

अशा माणसाला त्याच्या चौथीतल्या लेकीनं घरातच कोंडलं, आणि तेही एका वाक्यासाठी. त्याची ही हकीकत.

आधी बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. गाव सोडलं, बंदूक सोडली, पण सातची वेळ सोडली नाही. संध्याकाळचे सात म्हणजे आमच्या घरात कुटुंब प्रार्थना. ती बहुतेक ख्रिस्ती घरांत असते. पण आमच्याकडे ती हजेरी होती. बाबा बाहेरच्या खोलीतल्या लाकडी खुर्चीत ताठ बसत, आम्ही समोर सतरंजीवर, आणि डोळे मिटून ते सुरू करत: "प्रभू, हजर चार. गैरहजर कोन न्हाई."

मग दिवसाचा अहवाल. "सुनंला पित्ताचा तरास हाय, तिला आराम पडू दे. पोरीनं गनिताचा अभ्यास केलता, पेपर वाईट गेला, तू बघितलंस." आणि मग जरा थांबून, "आता पोरगा." इथं माझे खांदे आपोआप वर यायचे. "पोरगा आज गिऱ्हाइकाला म्हनला, माल रस्त्यात हाय. माल दुकानातच हुता, प्रभू. मी बघून आलो. त्याला सांबाळ."

माझी अशी खरडपट्टी निघायची आणि तीही देवाकडे तोंड करून. मला उत्तर देता यायचं नाही. प्रार्थनेत मध्ये कोण बोलणार? डोळे मिटलेले, हात जोडलेले, शेजारी बायको हसू दाबतेय हे सतरंजीच्या हलण्यावरून कळायचं. आणि बाबांनी स्वतः आमेन म्हटल्याशिवाय डोळे उघडायचे नाहीत, हा घरचा कायदा. फौजेत जसं विश्राम म्हटल्याशिवाय पाय हलत नाही, तसं. चाळिशी उलटलेला मी, घरात रोज संध्याकाळी शिपायाच्या पायरीवर होतो, आणि खरं सांगायचं तर तिथं माझं बरं चाललं होतं. प्रार्थना करायची जबाबदारी बाबांची. आपण फक्त हजर राहायचं.

हिवाळ्यात एका सकाळी दाढी करता करता बाबांच्या हातातून वस्तरा पडला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा ते काठीवर चालू शकत होते, डाव्या हातानं जेवू शकत होते, सगळं त्यांना समजत होतं. पण तोंडातून एक शब्द बाहेर यायचा नाही. व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. तिच्या कुठल्याच व्यायामाला ते दाद द्यायचे नाहीत. ती म्हणायची, "काका, पाय उचला," आणि काका भिंतीकडे बघायचे. पण संध्याकाळी सात वाजता ते आपलेआप उठायचे, काठी टेकत आपल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत यायचे आणि लाकडी खुर्चीत बसायचे.

त्या मुलीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "ही एवढी चाल ते मनानं चालतात. ही सुटू देऊ नका. ही सुटली तर ते कॉट धरतील, आणि मग उठवणं अवघड."

म्हणून सात वाजता बाबा येऊन बसायचे आणि आमच्याकडे बघायचे. आधी नातीकडे, मग सुनेकडे, मग माझ्याकडे. माझ्याकडे आले की नजर तिथंच थांबायची. पहिल्या संध्याकाळी मी काय केलं असेल? टीव्ही लावला. बातम्यांत उसाच्या दराचं काहीतरी चाललं होतं. बाबांना ऊस नाही, जमीन नाही. ते थोडा वेळ बसले आणि उठून आत गेले. दुसऱ्या दिवशीही तसंच. प्रार्थनेचं कुणी नावच काढेना. बायकोनं दोनदा केली, छान केली, तिचा आवाजही गोड आहे. बाबांनी मान हलवली, पण नजर माझ्यावरून काढली नाही. खुर्ची रिकामी नव्हती, तरी खुर्चीतला माणूस बदली मागत होता, आणि बदली म्हणून ज्याचा नंबर लागत होता तो टीव्हीचा रिमोट शोधत होता.

आता यात संडे स्कूल कुठून आलं ते ऐका.

आमच्या चर्चमध्ये एक तरुण नर्सबाई येऊ लागल्या होत्या, साताऱ्याहून इथल्या दवाखान्यात बदलून आलेल्या. आठवडाभर ड्यूटी आणि रविवारी मुलांचं संडे स्कूल. संडे स्कूलचं संमेलन होतं, सूत्रसंचालन अर्थातच माझं. बाई बोलायला उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मुलं रविवारी इथं गोष्ट ऐकतात आणि ती चर्चच्या दाराशी चपलांजवळ ठेवून घरी जातात. पुढच्या रविवारी येतात तेव्हा गोष्ट तिथंच असते. मला ती घरी पोचवायची आहे." त्यांची योजना अशी: दर रविवारी मुलांना एक काम सांगायचं, ते घरच्या सगळ्यांनी मिळून करायचं, आणि पुढच्या रविवारी प्रत्येक मुलानं उभं राहून सांगायचं, आमच्या घरी काय झालं.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण माइक माझ्या हातात होता, आणि माइक हातात असला की माझी जीभ माझ्या परवानगीसाठी थांबत नाही. मी गर्जलो, "बंधुभगिनींनो, या मंगल उपक्रमाचा प्रारंभ आमच्याच घरापासून होईल, ही मी आपल्याला ग्वाही देतो." टाळ्या झाल्या. पहिल्या ओळीत बसलेल्या माझ्या लेकीनं ग्वाही हा शब्द शेजारच्या मैत्रिणीला विचारून समजून घेतला. ते मी स्टेजवरून बघितलं. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

चारदोन रविवारांत सगळ्या मंडळीला कळून चुकलं, की बाईंनी आपल्या घराघरांत एकेक बातमीदार बसवला आहे. सेवेच्या धड्यानंतर एका कॉन्ट्रॅक्टरच्या मुलानं उभं राहून सांगितलं, "पप्पांनी भांडी घासली. म्हणजे त्यांचा एक पेला घासला आणि त्याचा फोटो आत्याला पाठवला." रागावर ताबा ठेवायच्या धड्यानंतर एक मुलगी म्हणाली, "मम्मी दिवसभर रागावली नाही. मग आजीचा फोन आला. फोनवर पण रागावली नाही. ठेवल्यावर रागावली." बाई कुणाला रागवायच्या नाहीत, कुणाचं कौतुकही करायच्या नाहीत. फक्त म्हणायच्या, "बरं. या आठवड्यात परत बघू." हे जास्त वाईट होतं. उपासना संपल्यावर घरी पळणारे आम्ही बाप लोक आता संडे स्कूलच्या खिडकीखाली मोटरसायकली पुसत उभे राहू लागलो. आतून आपलं नाव येतंय का ते ऐकायला.

मग प्रार्थनेचा धडा आला. लेक घरी आली ती दारातूनच बोलत.

"पप्पा, या आठवड्यात घरातल्या सगळ्यांनी मोठ्यानं प्रार्थना करायची. एक वाक्य. स्वतःचं."

"उत्तम," मी म्हणालो. "मम्मीपासून सुरू करू."

"मम्मी करतेच. ज्यांनी कधीच केली नाही त्यांनी करायची आहे."

"आपल्या घरात असं कोण आहे?"

आतून भाजी चिरायचा आवाज थांबला. माझी बायको मेढ्याची आहे. ती बोलण्याआधी विळी थांबते.

"आवं," ती म्हणाली, "पोरगी एक वाक्य मागतीया. तुमी परवा त्या बिल्डरच्या कुत्र्यावर पाच मिनिटं बोलला."

ते खरं होतं. पण कुत्रा समोर होता. माझी अडचण मी तिला नीट सांगू शकलो नाही, इथं सांगतो. मी माणसांच्या तोंडाकडे बघून बोलतो. समोरचा हसला की पुढचं वाक्य सुचतं, जांभई दिली की विषय बदलतो. प्रार्थनेत डोळे मिटायचे असतात. डोळे मिटले की माझ्यापुढं कुणीच उरत नाही. आणि ज्याच्याशी बोलायचं त्याला तर माझी गिऱ्हाइकांना सांगितलेली सगळी कारणं पाठ, शिवाय शेजारी बसलेल्या बाबांनाही पाठ. दोघांसमोर एकदम मी काय बोलणार?

म्हणून मी माझ्या परीनं वाटा काढल्या. सोमवारी चर्चच्या पाळकसाहेबांना चहाला बोलावलं. सात वाजता त्यांच्याकडे बघून हसलो, त्यांनी प्रार्थना केली. बाबांनी डोळे मिटून ऐकली आणि नंतर पाळकसाहेबांना डाव्या हातानं सलाम ठोकला. लेक म्हणाली, "हे घरातले नाहीत." मंगळवारी मी बरोबर सातला कुणाला तरी फोन लावला आणि गॅलरीत उभा राहून आठपर्यंत बोललो. पलीकडच्या माणसाला वाटलं मी दारू प्यायलोय, कारण मी त्याला चारदा तीच गोष्ट सांगितली.

बुधवारी मला एक कल्पना सुचली. तिचा मला आजही थोडा अभिमान आहे. मी दुकानातून दोन मोठे कॉलम स्पीकर आणले, बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या दोन बाजूंना उभे केले, आणि एका भारदस्त आवाजातली रेकॉर्ड केलेली संध्याकाळची प्रार्थना लावली. आवाजाला जरा घुमारा दिला. ही माझ्यासारख्या माणसानं करायची सेवा, असं मला वाटलं. प्रार्थना सुरू झाली तशी कपाटातली स्टीलची भांडी खणखणू लागली. शेजारच्या काकू गॅलरीत येऊन म्हणाल्या, "आवं, कुनाचं लगीन हाय?"

बाबा उठले. काठी खुर्चीला टेकवली, भिंतीला धरत बोर्डापर्यंत गेले आणि डाव्या हातानं वायर उपटली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आत गेले.

गुरुवारी सात वाजले आणि बाबा बाहेर आले नाहीत.

मला वाटलं, डोळा लागला असेल. मी दारातून डोकावलो. ते जागे होते, कॉटवर भिंतीकडे तोंड करून. शुक्रवारीही आले नाहीत. व्यायामाची मुलगी त्या दुपारी येऊन गेली होती, तिनं पाय दाबून बघितला आणि माझ्याकडे बघून नुसतं म्हणाली, "सुटली का चाल?" त्या रात्री जेवताना बायको एकच वाक्य बोलली: "त्यांना आवाज नकोय. तुमी पायजे." मी ताटातली भाकरी गोल फिरवत बसलो.

शनिवारी माधवनगरच्या बाजूला एका हॉलवर माझा कार्यक्रम होता, साडेआठचा. मी सातच्या आधीच बूट घालून तयार. टेम्पोत सामान भरलेलं. किल्ली टीव्हीजवळच्या खिळ्याला असते. नव्हती. खिशात नव्हती, फ्रिजवर नव्हती, बायकोच्या पर्समध्ये नव्हती. लेक शांतपणे स्टूलवर बसून पाय हलवत होती.

"किल्ली बघितलीस का गं?"

"प्रार्थना झाली की सापडेल," ती म्हणाली.

"हे खोटं बोलणं झालं."

"मी कुठं म्हटलं, मला माहीत नाही म्हणून?"

मी बायकोकडे बघितलं. ती गॅसवर दूध ठेवत होती आणि तिच्या पाठीवरूनच कळत होतं की या कटात ती आहे.

"आजोबा बाहेर येत नाहीत," लेक म्हणाली, "तर आपण आत जायचं. बाईंना मी विचारलं होतं. बाई म्हणाल्या, खुर्ची महत्त्वाची नाही."

बाबांची खोली म्हणजे खोली म्हणावी म्हणून खोली. कॉट, गोदरेजचं कपाट, औषधांचं टेबल, आणि मध्ये एक माणूस कसाबसा उभा राहील एवढी फरशी. दार आत उघडतं. बायको कॉटच्या पायथ्याशी टेकली. मला कपाट आणि कॉट यांच्या फटीत बसावं लागलं, गुडघे लोखंडी पट्टीला लागलेले, पायात अजून बूट. सगळ्यांत शेवटी लेक आत आली, दार लावलं, आणि दाराला टेकवून स्टूल ठेवून त्यावर बसली. आता ती उठल्याशिवाय दार उघडणार नव्हतं, आणि प्रार्थना झाल्याशिवाय ती उठणार नव्हती. मी आजवर अनेक हॉलमध्ये अनेक लोकांना अडकवून ठेवलं आहे. ते सगळे त्या क्षणी मला आठवले आणि त्यांच्याबद्दल कणव आली.

बाबा भिंतीकडे तोंड करूनच होते. आम्ही आलेलं त्यांना कळलं होतं, कारण त्यांनी डाव्या हातानं काठी चाचपून जवळ ओढली.

डोळे मिटले. लेकीनं सुरू केलं. "प्रभू, आजोबांना परत बाहेरच्या खुर्चीत बसव." एक वाक्य, संपलं. बायको म्हणाली, "प्रभू, या घरात सगळ्यांना एकमेकांपुढं बसायचं धैर्य दे." हे वाक्य कुणासाठी होतं ते मी इथं सांगत नाही.

मग माझी पाळी. पंख्याचा आवाज यायला लागला. लेकीनं स्टूलवर बूड सरकवलं. मी घसा खाकरला, आणि माझ्या तोंडून आपोआप जे येतं ते आलं: "हे करुणासागरा, विश्वनियंत्या, आजच्या या मंगल सायंकाळी आम्ही आपल्या पावन चरणी..."

ठक्. काठी फरशीवर.

मी जरा खाली आलो. "हे कृपाळू पित्या, आपल्या असीम..."

ठक्.

"हे पित्या, आम्ही सर्व आपले ऋणी..."

ठक्. ही काठी आधीच्या दोन्हींपेक्षा जोरात होती. माझ्याजवळची विशेषणं संपली. मी धंद्यात जेवढी वापरतो तेवढी सगळी त्या फटीत माझ्या बुटांजवळ पडली होती. डोळे मिटलेले, समोर कुणाचं तोंड नाही, मागं कपाट, पुढं कॉट, दाराला स्टूल.

आणि मग मी लहानपणी बोलायचो तसं बोलायला लागलो. ते सांगली-बिंगलीचं बोलणं नव्हतं.

"प्रभू," मी म्हणालो, "हजर चार. एक आजारी हाय."

काठी वाजली नाही.

"पोरीनं माझी किल्ली लपवलीया. तिला शिक्षा नको करू. बायको लय दमलीया, सकाळी बाबांचं, दुपारी शाळेचं, संध्याकाळी माझं, आणि मी तिला विचारत बी न्हाई. आजच्या कार्यक्रमाच्या गिऱ्हाइकाला म्या काल सांगितलं की अँप्लिफायर नवा हाय. तो नवा न्हाई. ते आज गेल्या गेल्या सांगून टाकतो." इथं मी थांबलो, कारण पुढचं आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोललेलं नव्हतं. "बाबा बोलत न्हाईत. आमी सगळे असं दाखवतोय की चालतंय, सवय झालीया. मी टीव्ही लावतो. आमाला चालत न्हाई, प्रभू. मला त्यांचा आवाज पायजे. तो येनार नसंल तर तसं तरी त्यांच्यासमोर एकदा बोलायला पायजे, म्हनून बोललो. त्यांचा हात बरा हू दे. त्यांना वाटतंय आमी त्यांना बाजूला ठेवलंया. ठेवल्यालं न्हाई. मला ह्ये करायला येत न्हाई, एवढंच."

झालं. माझ्याजवळ आणखी काही नव्हतं. मी थांबलो.

आणि आम्ही सगळे थांबलो. कारण आमेन बाबांनी म्हणायचं असतं. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की ते म्हणणार कसं. वर्षानुवर्षं त्या एका शब्दावर आमचे डोळे उघडायचे. शब्द नाही तर डोळे नाहीत. चौघं जण मिटल्या डोळ्यांनी त्या खोलीत बसून राहिलो. पंखा फिरतोय. माझ्या डाव्या पायाला मुंग्या आल्या. मग वास आला. आधी थोडा, मग भरपूर. दूध ऊतू जात होतं.

"पप्पा," लेक कुजबुजली, "आमेन कोण म्हणणार?"

"गप," बायको कुजबुजली. "दूध गेलं."

"मग उठ की."

"तू उठल्याशिवाय मी कशी उठू? दार तू धरलंयस."

"पण आमेन झालं नाही ना अजून."

दूध जळायचा वास आता खोलीत भरला होता. आणि मला गुडघ्याला कॉट हलताना जाणवली. बारीक, मग जोरात, लोखंडी पट्टी करकरायला लागली. मला वाटलं, बाबांना काहीतरी होतंय. मी कायदा मोडला, डोळे उघडले. बाबा आमच्या बाजूला वळले होते. तोंडाची एक बाजू जिथल्या तिथं होती आणि दुसऱ्या बाजूनं ते हसत होते. आवाज नव्हता, पोट हलत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते काठीनं दाराकडे खूण करत होते, की अरे, दूध.

लेकीनं आजोबांकडे बघितलं, तोंडातल्या तोंडात आमेन म्हणून टाकलं आणि स्टूल ओढलं. बायको पळाली. किल्ली बाबांच्या उशीखालून निघाली. म्हणजे कटात तेही होते.

पातेलं काळं झालं ते झालंच. मी हॉलवर उशिरा पोचलो, आणि जाताच अँप्लिफायरचं खरं सांगून टाकलं, गिऱ्हाईक म्हणालं, "ते मला दिसतंच की, पट्टी चिकटवलेली."

रविवारी मी खिडकीखाली मोटरसायकल पुसत होतो. आत माझ्या लेकीचा नंबर आला. "पप्पांनी प्रार्थना केली," ती म्हणाली. "आधी लग्नातल्यासारखी केली. मग आजोबांनी काठी आपटली. मग खरी केली. दूध जळलं." माझ्या शेजारी उभा असलेला कॉन्ट्रॅक्टर फडकं तोंडावर धरून हसला. बाई आतून म्हणाल्या, "बरं. या आठवड्यात परत बघू."

मला वाटलं होतं, एक वाक्य म्हणजे एक वाक्य. म्हटलं, सुटलो. त्याच संध्याकाळी सातला थोडा वेळ असताना आतून काठीचा आवाज आला. बाबा आले, खुर्चीत बसले, आणि नातीकडे नाही, सुनेकडे नाही, सरळ माझ्याकडे बघून डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी तेच. व्यायामाची मुलगी खूष झाली. ती आता त्यांना सातच्या आधी गॅलरीपर्यंत फेरी मारायला लावते आणि ते मारतात, कारण नंतर हजेरी असते. बाबांचं भलं झालं. माझी कायमची ड्यूटी लागली. सातचा कार्यक्रम मी आता घेत नाही. आणि बाबा काही सोपे श्रोते नाहीत. दिवसभरातलं एखादं गैरसोयीचं मी गाळलं की काठी वाजते. त्यांना घरात बसल्या बसल्या सगळं कसं कळतं, ते मला अजून उमगलेलं नाही. बायको खोकून त्यांना इशारा देते असा माझा संशय आहे.

गेल्या महिन्यात मात्र म्हसवडचं एक लग्न घ्यावंच लागलं. वरात संध्याकाळची, नवरदेवाचा चुलता जुनं गिऱ्हाईक, नाही म्हणता येईना. घरी सांगितलं, आज बायकोनं हजेरी घ्यावी. सात वाजले तसा मोबाइल वाजला. व्हिडिओ कॉल. पडद्यावर आधी लेकीचं नाक, मग खोली सरकली आणि खुर्चीतले बाबा दिसले, डोळे मिटून, वाट बघत.

माझ्या डोक्यावर नाशिक ढोल चालू. मी टेम्पोच्या केबिनमध्ये शिरलो, दोन्ही काचा वर केल्या. आत भट्टी. सुरू करणार तेवढ्यात काच वाजली. चुलता. फेटा, घाम, हातात माझाच माइक.

मी मनात म्हटलं, देवानं सुटका पाठवली. काच थोडी खाली करून मी म्हणालो, "बोला काका, येऊ का? लगेच येतो. काय अडलंय?"

"आवं, नवरदेव घोड्यावर बसाया तयार न्हाई, तुमी दोन शब्द..." एवढं म्हणून तो थांबला. त्यानं फोनमध्ये बघितलं. लाकडी खुर्ची, काठी, मिटलेले डोळे. "ह्ये कोन?"

"बाबा. घरी प्रार्थना आहे सातची. पण काही नाही, मी येतोच..."

"न्हाई न्हाई," चुलता म्हणाला. "म्हातारं मानूस थांबलंय की. तुमी करा निवांत. घोडं कुटं पळतंय." आणि मी उतरू नये म्हणून त्यानं केबिनचं दार बाहेरून नीट लोटलं, आणि पाठ लावून तिथंच उभा राहिला, वऱ्हाडातलं कुणी मध्ये येऊ नये म्हणून.